दोन घरांमधली पन्हळ

इतिहास म्हटला कीं किल्ले, तह, लढाया आणि राजवंश डोळ्यांपुढें उभे राहतात. पण माणसांच्या एकत्र राहण्याचा इतिहास पुष्कळदां याहून फार लहान जागीं सांपडतो. मृगाचा पहिला जोराचा पाऊस येतो, कौलांवरून पाणी धों धों खालीं पडतें, आणि दोन घरांच्या मधल्या हातभर बोळांत तें तुंबून भिंतींत मुरूं लागतें. तेथें उभा राहणारा प्रश्न फार जुना आहे. पाणी दोघांचें, मग घाण काढावयाची कोणीं? सातारा आणि सांगली या दोन शहरांकडे पाहून या प्रश्नाचा मागोवा घेतला, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. पाणी कोठून जावें याचा धर्मशास्त्रानें, पंचांनीं आणि कायद्यानें पुष्कळ विचार केला. परंतु तें रोज वाहतें कोणीं ठेवावें, याचें उत्तर बहुतेक वेळां शेजाऱ्यांनाच एकमेकांशीं बोलून ठरवावें लागलें.

हीं दोन्ही शहरें कृष्णेच्या खोऱ्यांतलीं. १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्यें सांगली हें नांव मिळालें. पण पाण्याच्या दृष्टीनें हीं गांवें अगदीं निराळीं आहेत. १७०८ सालीं शाहू महाराजांना राज्याभिषेक झाल्यावर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर जें शाहूनगर वसलें, तें आजचें सातारा. यादोगोपाळ, चिमणपुरा, प्रतापगंज या पेठा डोंगराच्या पायथ्याशीं पायरीपायरीनें उतरत गेल्या आहेत. पाऊस वर्षाला सुमारें हजार मिलिमीटर. येथें वरच्या घराचें पाणी खालच्या घराच्या पाठीवर येतें, म्हणून येथला वाद वरच्याचा आणि खालच्याचा असतो.

सांगलीची तऱ्हा दुसरी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनीं मिरजेहून वेगळें होऊन येथें आपली राजधानी केली. सहा गल्ल्यांवरून गांवाला सांगली नांव पडलें, असें लोक सांगतात. ही व्युत्पत्ति खरी असो वा नसो, गल्लीला या गांवांत किती मान आहे तें तिच्यावरून कळतें. पाऊस साताऱ्याच्या मानानें बराच कमी, पण जमीन सपाट आणि काळी. उन्हाळ्यांत ती भेगाळते, पावसाळ्यांत फुगते. एका शेजाऱ्यानें आपलें अंगण चार बोटें उंच केलें तरी दुसऱ्याच्या मोरीचें पाणी परत फिरतें. म्हणून सांगलींतला वाद उताराचा नसून पातळीचा असतो.

जुने वाडे बांधणाऱ्यांना या अडचणीची चांगलीच जाणीव होती. वाड्याचें आढें बहुधा रस्त्याला समांतर ठेवीत. एका पाख्याचें पाणी रस्त्याकडे पडे, दुसऱ्याचें आंतल्या चौकांत. शेजारच्या बाजूची भिंत उंच आणि बिनखिडकीची असे. तिच्यावर पाणी येऊंच द्यावयाचें नाहीं, हा त्या रचनेचा हेतु. चौकांत सांठलेलें पाणी दगडी मोरींतून, उंबऱ्याखालून, बाहेरच्या गटारास मिळे. घर एकाचें असेपर्यंत ही व्यवस्था निर्वेध चाले, कारण मोरीचा धनी एकच असे. भांडण येई तें वाटणीनंतर. दोघां भावांनीं वाडा वांटून घेतला. मधें भिंत घातली. पुढचा भाग एकाकडे, मागचा दुसऱ्याकडे गेला. सोनें वांटतां आलें, भांडीं वांटतां आलीं, पण चौकांतली मोरी वांटतां येईना. दोन पिढ्यांनीं ते भाऊबंद केवळ शेजारी उरले, आणि वाटणीपत्रांत ज्या मोरीचा उल्लेखच नव्हता तिच्यावरून बोलाचाली सुरू झाली. मराठी शहरांतल्या सामाईक मोऱ्यांचा उगम पुष्कळ ठिकाणीं असा एकाच कुटुंबांत आहे.

धर्मशास्त्रकारांना ही अडचण ठाऊक होती. बाराव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास चालुक्य राजांच्या कल्याणी येथें विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली. वाटणीच्या प्रकरणांत त्यानें मनूच्या आधारें वांटतां न येणाऱ्या वस्तूंचा विचार केला आहे. त्यांत पाण्याची जागा, म्हणजे विहिरीसारखा सांठा, आणि घरांत येण्याजाण्याची वाट हीं दोन्ही आहेत. विहीर विकून पैसे वांटून घेऊं नयेत, तिचा उपभोग पाळीपाळीनें घ्यावा, असा त्याचा निर्णय आहे. मोरीचें नांव तेथें नाहीं. पण न वांटतां येणाऱ्या वस्तूची पाळी लावावी, हें तत्त्व तिलाहि तंतोतंत लागूं पडतें.

शेजाऱ्याशेजाऱ्यांमधल्या पाण्याचा विचार तर त्याहूनहि जुना आहे. १९०९ सालीं म्हैसुरास प्रसिद्ध झालेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत घरबांधणीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. घराच्या पाण्याला पुरेसा उतार द्यावा, तें नीट धारेनें पडावें किंवा मोरींत जावें, नाहींतर ५४ पण दंड; दोन घरांमध्यें तीन किंवा चार पावलांचें अंतर असावें; छपरांमध्यें चार अंगुळें जागा सोडावी अथवा एक छप्पर दुसऱ्यावर चढवावें, असे त्यांत बारीक नियम आहेत. आणि याच प्रकरणांत एक शहाणपणाची मोकळीक आहे: शेजाऱ्यांनीं आपसांत ठरवून यापेक्षां निराळें केलें तरी चालेल, मात्र कोणाला उपद्रव होतां कामा नये. कात्यायनाची स्मृति आज समग्र उपलब्ध नाहीं. निबंधकारांनीं उद्धृत केलेलीं तिचीं वचनें महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं १९३३ मध्यें एकत्र करून छापलीं. घर वसवितांना ज्या खिडक्या आणि जे पाण्याचे मार्ग ठेवले ते शेजाऱ्यानें अडवूं नयेत. पण घर वसल्यावर मागाहून दुसऱ्याच्या घरावर नवा मार्ग काढूंहि नये, असें कात्यायन सांगतो. म्हणजे जुन्याला अभय आणि नव्याला बंदी. शेजारधर्माचा हा समतोल कोणत्याहि काळीं पटण्यासारखाच आहे.

मराठेशाहींत शहरांतले असे वाद कोतवालाकडे जात. पुण्याच्या कोतवालाच्या कामांत रस्ते, बोळ आणि घरें यांच्या तंट्यांचा निकाल लावणें हें एक कलम होतें. तंटा जमिनीच्या हक्काचा असला तर पंच बसत. दोन्ही पक्ष आधीं राजीनामा लिहून देत, म्हणजे पंच सांगतील तें मान्य करूं अशी कबुली देत. मग तकरीर होई, साक्षी होत, जागेची पाहणी होई, आणि शेवटीं निवाडपत्र मिळे. हरणाराकडून यजितपत्र लिहून घेत. या पद्धतींत दिरंगाई होती, भीडमुर्वत होती, आणि पंच बहुधा गांवांतले वजनदार लोक असल्यामुळें दुबळ्याला न्याय मिळेलच अशी खात्री नव्हती. पण तिचा एक गुण नाकारतां येत नाहीं. निकाल देणारे लोक तुंबलेल्या मोरीशीं स्वतः जाऊन उभे राहत. तिची दुर्गंधि त्यांनाहि कळे.

१८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें आणि १८५३ मध्यें तेथें म्युनिसिपालिटी आली. रस्त्याकडेचें गटार तेव्हांपासून सार्वजनिक झालें, पण दोन घरांमधली पन्हळ खासगीच राहिली. तिच्यासाठीं पुढें १८८२ चा पांचवा कायदा झाला. इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्ट या नांवानें तो प्रसिद्ध आहे, आणि व्हिटली स्टोक्स हा त्याचा कर्ता. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्यें लागू झाला. सांगली त्या वेळीं संस्थान असल्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथें आपोआप चालत नसत. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि दोन्ही गांवांना एकच कायदा आला.

या कायद्यांत वाटणीनंतरच्या मोरीचा प्रश्न अगदीं नेमका सोडविला आहे. एका मालकाचीं दोन लगतचीं घरें आहेत. त्यानें एक विकलें आणि दुसरें ठेवलें. अशा वेळीं दोन्ही घरांना सामाईक असलेल्या आणि त्यांच्या उपभोगाला आवश्यक अशा पन्हळींचा व मोऱ्यांचा लाभ पूर्वींप्रमाणें दोघांनाहि मिळेल, असें उदाहरणच त्यांत दिलें आहे. वाटणीलाहि हाच नियम आहे. कागदांत उल्लेख नसला तरी डोळ्यांना दिसणारी, सतत वाहणारी आणि आवश्यक अशी मोरी बंद करतां येत नाहीं. इतरांच्या बाबतींत उघडपणें, शांततेनें, हक्क म्हणून आणि खंड न पडतां वीस वर्षें पाणी वाहिलें असेल तर तो हक्क मिळतो.

हा विचार एकट्या हिंदुस्थानचा नव्हे. इ. स. ५३३ मध्यें जस्टिनियन बादशहानें संकलित करविलेल्या रोमन कायद्यांत वळचणीचें पाणी शेजाऱ्याच्या जागेंत पाडण्याचा हक्क स्वतंत्रपणें सांगितला आहे. लंडन शहराचे ११८९ च्या सुमाराचे म्हणून प्रसिद्ध असलेले घरबांधणीचे नियम त्याहि पुढें जातात. दोघां शेजाऱ्यांनीं मिळून मधली दगडी भिंत घातली, तर दोन्ही घरांचें पाणी वाहून नेणारी पन्हळहि दोघांनीं सामाईक खर्चानें करावी, असें तेथें ठरलें होतें. सातशें-आठशें वर्षांपूर्वींच्या लंडनकराला जें लिहून ठेवावेंसें वाटलें, तेंच साताऱ्याच्या वाटणीपत्रांत पुष्कळदां राहून गेलें.

आतां मूळ प्रश्न. हक्क ठरला, साफसफाई कोणाची? कायदा म्हणतो कीं ज्याला हक्काचा लाभ मिळतो त्यानें दुरुस्तीचा खर्च करावा. त्याच्या पन्हळीच्या नादुरुस्तीमुळें शेजाऱ्याचें नुकसान झालें तर भरपाईहि त्यानेंच द्यावी. दुरुस्तीसाठीं त्याला शेजाऱ्याच्या जागेंत जातां येतें. मात्र कमींत कमी त्रास देऊन जावें आणि खणलेली जागा पूर्ववत् करावी. ज्याच्या जागेंतून पाणी जातें त्याच्यावर कांहींहि करण्याचें बंधन नाहीं. त्यानें फक्त अडथळा करूं नये. नियम सरळ आहे. पण दोन पाख्यांचें पाणी जेव्हां एकाच पन्हळींत पडतें, तेव्हां प्रत्येक घर लाभ घेणारेंहि असतें आणि सोसणारेंहि. अशा वेळीं दोघेहि दुसऱ्याकडे बोट दाखवूं शकतात, आणि दोघांचेंहि म्हणणें निम्में खरें असतें. कोर्ट अडथळा दूर करवील, नुकसानीचा हिशेब करील. पण ज्येष्ठांत शिडी लावून पालापाचोळा काढावयास कोर्टाचा बेलिफ येत नाहीं.

या दिरंगाईची किंमत लहान नसते. दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद अशा पाख्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर सहाशें लिटर पाणी होतें. दोन घरांचें मिळून बाराशें लिटर पाणी एका पन्हळींतून जावयाचें असतें. जुन्या भिंती पांढऱ्या मातीच्या; वरून चुन्याचा गिलावा असला तरी पायाशीं पाणी मुरलें कीं भिंत आंतून विरघळते आणि एके रात्रीं खालीं बसते. तेव्हां ती कोणाच्या बाजूला पडेल तें कोणीच सांगूं शकत नाहीं. आरोग्याचेंहि तसेंच आहे. तुंबलेल्या गटारांत क्युलेक्स डांस वाढतात. पन्हळींत पानांखालीं सांठलेल्या स्वच्छ पाण्यांत डेंगी पसरविणारा ईडीस डांस आठदहा दिवसांत तयार होतो, आणि तो चावतांना घराची हद्द पाहत नाहीं.

या इतिहासांत आणखी एक बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं. दोन सुशिक्षित घरें मोरी कोणीं साफ करावी यावरून वर्षानुवर्षें भांडत, तेव्हां त्या भांडणाचा खरा अर्थ, साफ करणाराला पैसे कोणीं द्यावे, एवढाच असे. मोरींत हात घालणारा माणूस त्या दोन घरांतला नसे. ज्यांच्यावर हें काम जातीनें लादलें गेलें होतें तो तिसराच कोणी मागच्या बोळांतून येई, काम करी, आणि मागच्याच बोळांतून परत जाई. त्याच्यासाठीं मागें अरुंद वाट ठेवलेली असे; पुढच्या दारीं त्याला जागा नसे. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग सुरू झाला आणि तेथून दक्षिण महाराष्ट्रांतहि पसरला. तेव्हां मोऱ्या धुवून काढण्याची मोठी धांवपळ झाली. १८९८ मध्यें सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञानें उंदरांवरची पिसू ही प्लेगची वाहक असल्याचें दाखविलें. पण त्या धांवपळींत घाणींत उतरणारे लोक कोण होते, याची आठवण फारशी कोणीं ठेवली नाहीं. १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनीं मैला हातानें काढावयास माणूस लावणें हा गुन्हा ठरविला आहे. संडासाचें पाणी ज्या उघड्या मोरींत मिसळतें ती मोरी कोणाकडून तरी हातानें उपसून घेणें हा आतां केवळ शेजाऱ्यांमधला हिशेब राहिलेला नाहीं. तशी मोरी बंद नळाची करणें हें दोन्ही घरांचें पहिलें कर्तव्य आहे.

गाडगे महाराज ज्या गांवांत जात तेथें कीर्तनाच्या आधीं हातांत खराटा घेऊन रस्ता आणि गटार साफ करीत. गटार कोणाचें, असा प्रश्न त्यांनीं विचारला नाहीं. सातारा जिल्ह्यांतल्या कऱ्हाड येथें रयत शिक्षण संस्थेनें १९५४ सालीं काढलेलें कॉलेज त्यांच्या नांवानें चालतें. गटाराला हात लावणारा हात हीन नव्हे, एवढी गोष्ट गांवाच्या चव्हाट्यावर दिवसाउजेडीं दाखविणें, हें त्या खराट्याचें मोठें काम होतें.

पुढें वाड्यांच्या जागीं इमारती आल्या. १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्याखालीं एका इमारतींतल्या लोकांची संस्था होते आणि गच्चीवरच्या पाण्याच्या नळांचा खर्च सर्वांवर बसतो. इमारतीपुरता प्रश्न सुटला. दोन इमारतींच्या मधल्या पट्टींत तो तसाच राहिला. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची महानगरपालिका १९९८ मध्यें झाली. शहराचें सांडपाणी शेरी नाल्यावाटें कृष्णेंत जातें, हा प्रश्न तेथें वर्षानुवर्षें गाजत राहिला. २००५ मध्यें आणि पुन्हां ऑगस्ट २०१९ मध्यें महापूर आला. १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशीं २०१९ चें पाणी ५७ फुटांवर गेलें. अशा पुरापुढें घरामागच्या मोरीची काय कथा, असें कोणी म्हणेल. पण नदीचें पाणी शहरांत शिरतें तें नाल्यांतून आणि गटारांतूनच उलटें येतें. आणि पूर ओसरल्यावर तें परत जावयाचें तेंहि त्याच वाटांनीं. ज्या बोळांतली वाट गाळानें भरलेली असते, तेथल्या घरांत ओल मागें राहते.

म्हणून या सर्व इतिहासाचा व्यवहारांतला निष्कर्ष अगदीं साधा आहे. सामाईक पन्हळ असलेल्या दोन घरांनीं एका कागदावर पांच गोष्टी लिहून ठेवाव्या. पन्हळ कोठून कोठें जाते आणि तिचा उतार कोणीकडे आहे. ती वर्षांतून केव्हां साफ व्हावयाची, निदान एकदां मृगापूर्वीं आणि एकदां श्रावणांत. या वर्षीं पाळी कोणाची आणि पुढच्या वर्षीं कोणाची. दुरुस्तीचा खर्च पाख्यांच्या मानानें कसा वांटावयाचा. आणि कामासाठीं शेजाऱ्याच्या जागेंत शिरतांना किती दिवस आधीं सांगावयाचें. घर विकलें तर हा कागद घेणाराच्या हातीं द्यावा. यांत नवें कांहीं नाहीं. पाळी विज्ञानेश्वराची आहे, आपसांत ठरविण्याची मोकळीक कौटिल्याची आहे, जुना मार्ग न अडविण्याचा नियम कात्यायनाचा आहे, आणि जागा पूर्ववत् करून देण्याची अट १८८२ च्या कायद्याची आहे.

अशा कागदाला वकील लागत नाहीं. दोन घरांतलीं कर्तीं माणसें एका संध्याकाळीं ओसरीवर बसलीं तरी तो होतो. मात्र तो वैशाखांत करावा. भिंतीला ओल आल्यावर शेजाऱ्याचें म्हणणें नीट ऐकूं येत नाहीं. आभाळ कोरडें असतांना तें ऐकूं येतें.